सभागृहाच्या भिंतीवर कोणते वचन लिहावे, आणि सभेच्या आरंभी प्रार्थना असावी का?

विसावा (ऐरोली)

नमस्कार मंडळी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला ऐरोलीतील महानगरपालिकेच्या विरंगुळा केंद्राची एक खोली आणि तिच्यापुढचा व्हरांडा वापरायला मिळालेला आहे. जागा पालिकेची, वीजबिल पालिकेचे, निम्म्या खुर्च्या नगरसेवक निधीतल्या आणि उरलेल्या आमच्या वर्गणीतल्या. गेल्या महिन्यात रंगकाम झाले. व्यासपीठामागची भिंत मोकळी दिसू लागली, तेव्हा तिच्यावर एखादे वचन लिहून घ्यावे असे ठरले. ते कोणते असावे, यावर आतापर्यंत दोन बैठका मोडल्या आहेत.

एका सदस्यांनी गीतेतील अर्धा श्लोक सुचवला, दुसऱ्यांनी तुकोबांचा एक चरण. तिसरे गृहस्थ, ज्यांचे आयुष्य लेखापरीक्षणात गेले, म्हणाले की वास्तू करदात्यांच्या पैशाची आहे, तेव्हा कोणत्याच धर्माचे वचन नको. त्यावर पहिल्यांनी खिशातून रुपयाचे नाणे काढून टेबलावर ठेवले आणि 'सत्यमेव जयते' कुठून आले ते सांगा, असे आव्हान दिले. चहा निवून गेला, निर्णय झाला नाही.

दुसरी बाब मला अधिक टोचते आहे. आमची मासिक सभा पाच वाजता गणेशवंदनेने सुरू होते आणि सर्वजण हात जोडून उभे राहतात. दोन सदस्य दर महिन्याला सव्वापाचला येतात. मी सचिव या नात्याने हजेरीवहीत त्यांच्या नावापुढे वर्षभर 'उशिरा' असे लाल शाईने लिहीत आलो. परवा त्यांतील एक जण मला खाली चपला घालताना म्हणाले, "अहो, मी पावणेपाचपासून समोरच्या बाकावरच बसलेला असतो." तेव्हा वचन आणि प्रार्थना यांना एकच नियम लावावा की वेगवेगळा, हा माझा प्रश्न आहे.

मासुंदा (ठाणे पश्चिम)

लेखापरीक्षक काकांचे म्हणणे तत्त्वतः पटते, परंतु ते पाळायचे ठरवले तर रंगाऱ्याला देशभर पाठवावे लागेल. 'सत्यमेव जयते' मुंडकोपनिषदातले आहे. सर्वोच्च न्यायालयाचे 'यतो धर्मस्ततो जयः' महाभारतातले, आणि मुंबई महानगरपालिकेचे ब्रीदही तेच. नौदलाचे 'शं नो वरुणः' तैत्तिरीय उपनिषदातले, वायुदलाचे 'नभः स्पृशं दीप्तम्' गीतेच्या अकराव्या अध्यायातले, केंद्रीय विद्यालयांचे 'तत्त्वं पूषन्नपावृणु' ईशावास्यातले. आयुर्विमा महामंडळाचे 'योगक्षेमं वहाम्यहम्' हे गीतेच्या नवव्या अध्यायातून आले. मूळ श्लोकात भगवंतांनी अनन्यभावाने चिंतन करण्याची अट घातली आहे, महामंडळाने ती शिथिल करून हप्ता वेळेवर भरण्याची घातली.

हप्तेबाज (कोपरखैरणे)

आणि चुकलेल्या हप्त्याला तीस दिवसांची सवलत भगवंतांनीही दिलेली नाही, याची नोंद घ्यावी.

नौपाडेकर (ठाणे)

मासुंदा यांनी दिलेली यादीच या वादाचे उत्तर आहे, असे मी मानतो. ही वचने या भूमीच्या भाषेतून आणि विचारातून आली आहेत. 'यतो धर्मस्ततो जयः' यातील धर्म म्हणजे पंथ नव्हे, तर कर्तव्य आणि न्याय, हे शाळेत संस्कृत घेतलेला मुलगाही सांगेल. आपल्या राज्याच्या मुद्रेवर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' हा श्लोक आहे, तो शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे आणि फक्त 'शाहसूनोः शिवस्यैषा' च्या जागी महाराष्ट्र राज्य आले. त्याला कोणी धार्मिक म्हणेल काय? गीतेतील अर्ध्या श्लोकाने विरंगुळा केंद्राचे मंदिर होत नाही. प्रार्थनेबाबत म्हणाल, तर ज्येष्ठ मंडळींच्या सभेत दोन मिनिटे गणरायाचे नाव घेतले म्हणून कोणाचे काय बिघडते, हे मला प्रामाणिकपणे समजत नाही.

शंकासुर (सीवूड्स)

नौपाडेकर, आपण म्हणता ती वचने केवळ सांस्कृतिक असतील, तर एक परीक्षा घेऊन पाहू. आशय तोच, सत्याचा किंवा सेवेचा, पण ओळ कुराणातली किंवा बायबलातली, देवनागरीत, त्याच रंगात, त्याच भिंतीवर. त्या भिंतीखाली बसून आपण "ही तर केवळ संस्कृती" असे म्हणाल का? उत्तर हो असेल तर माझा आक्षेप संपला.

नौपाडेकर (ठाणे)

शंकासुर, मी खोटे बोलणार नाही. मला ते खटकेल. मात्र ते का खटकेल याचा विचार करायला मला आजची रात्र द्यावी.

उगवती (कळवा)

मी बौद्ध आहे आणि एका शासकीय कार्यालयातून निवृत्त झाले. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण हे त्या एकाच कार्यालयापुरते नव्हते.

आमच्याकडे श्रावणात सत्यनारायणाची पूजा होत असे. शिपाई वर्गणीची वही घेऊन टेबलाटेबलावर फिरे. लांब, निळ्या पुठ्ठ्याची वही, आणि तिच्यात आमची नावे ज्येष्ठतेच्या क्रमाने व त्यांपुढे रक्कम आधीच लिहिलेली. आपण फक्त सही करायची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. माझ्या घरात ती भिंतीवर लावलेली होती. तरीही मी अकरा वर्षे सही केली, कारण वहीत माझ्या खालच्या ओळीत साहेबांच्या मर्जीतील लिपिक असत आणि कोरी जागा लगेच दिसली असती. बाराव्या वर्षी मी रकमेवर रेघ मारून 'देणार नाही' असे लिहिले. कोणी एक शब्द बोलले नाही. पुढच्या आठवड्यात माझा रजेचा अर्ज नऊ दिवस ट्रेमध्ये पडून राहिला. या दोन गोष्टींचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही आणि तसा दावाही करत नाही.

आता भिंतीविषयी. लोकसभेत अध्यक्षांच्या आसनावर 'धर्मचक्र प्रवर्तनाय' आहे, राष्ट्रध्वजावर अशोकाचे चक्र आहे, राज्यचिन्हातले सिंह सारनाथचे आहेत, आणि एसटीचे व आकाशवाणीचे 'बहुजनहिताय बहुजनसुखाय' हे तर भगवान बुद्धांनी भिक्खूंना चारिकेसाठी, म्हणजे उपदेश करत गावोगाव फिरण्यासाठी, पाठवताना सांगितलेले शब्द आहेत. तेव्हा भिंतीवरच्या अक्षरांचे मला वावडे नाही. ती वाचायची किंवा नाही हे माझ्या डोळ्यांच्या हाती आहे. जिथे माझ्या हाताला काही करायला सांगितले जाते, सही करायला, जोडायला, तिथून माझी तक्रार सुरू होते. विसावा यांच्या सभेतील बाकावर बसणारे गृहस्थ मला ओळखीचे वाटले.

जिन्याचा_कोपरा (ठाणे पूर्व)

उगवतीताईंच्या गंभीर प्रतिसादानंतर हे लिहावे की नाही असे वाटले, पण विषयाला धरून आहे. मी ज्या सरकारी इमारतीत कामासाठी जातो, तिच्या जिन्याच्या कोपऱ्यांत पान खाऊन कोणी थुंकू नये म्हणून देवादिकांच्या फरशा बसवल्या आहेत. पहिल्या मजल्यावर गणपती आणि साईबाबा, दुसऱ्यावर मक्केचे चित्र आणि क्रूस, तिसऱ्यावर बुद्ध आणि गुरू नानक. सर्वधर्मसमभाव इतका काटेकोर मी दुसरीकडे पाहिलेला नाही. चौथ्या मजल्यावर बहुधा निधी संपला असावा, कारण तिथला कोपरा रिकामा आहे आणि संपूर्ण इमारतीची श्रद्धा त्या एका कोपऱ्यात लाल होऊन साठली आहे.

पाम_बीच (नेरूळ)

म्हणजे शासनाला जे काम दंड आकारून करता आले नाही, ते देवांना पहारेकरी नेमून करवून घेतले. वेतन तर नाहीच, वर धूळ.

कलम_पोटकलम (वाशी)

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि राज्याने मान्यता दिलेल्या किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विरंगुळा केंद्र ही शिक्षणसंस्था नव्हे, त्यामुळे हा अनुच्छेद विसावा यांना थेट लागू होत नाही. तरी त्यातील शब्द लक्षात घ्यावा : संमती. अनुच्छेद २७ त्याआधी सांगतो की विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी म्हणून राखून ठेवलेला कर भरण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही.

ब्रीद आणि प्रार्थना यांतील सीमारेषा न्यायालयालाही सोपी वाटलेली नाही. केंद्रीय विद्यालयांत सकाळी 'असतो मा सद्गमय' म्हणवून घेण्याविरुद्ध याचिका झाली, तेव्हा केंद्राच्या वतीने युक्तिवाद झाला की या न्यायालयाचे स्वतःचे ब्रीदही महाभारतातलेच आहे. म्हणजे विसावा यांच्या सदस्यांनी टेबलावर ठेवलेले नाणे दिल्लीतही ठेवले गेले होते. जानेवारी २०१९ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ते प्रकरण घटनापीठाकडे सोपवावे असे म्हटले.

आणि एक जुनी हकीकत. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत उद्देशिकेवर चर्चा चालू असताना ह. वि. कामत यांनी तिचा आरंभ 'ईश्वराच्या नावाने' असा करावा, अशी दुरुस्ती मांडली. देवावर मतदान करण्याची वेळ आमच्यावर आणू नका, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. कामतांनी मतविभागणी मागितली आणि ४१ विरुद्ध ६८ अशी ती दुरुस्ती फेटाळली गेली. विरोध करणाऱ्यांत आस्तिक पुष्कळ होते. श्रद्धेच्या बाबतीत सक्ती नको, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याला ईश्वरसाक्ष शपथ घेण्याची किंवा ईश्वराचे नाव न घेता प्रतिज्ञा करण्याची मोकळीक ठेवली आहे. शपथविधीत दोन्ही प्रकार होतात आणि कोणी उशिरा आला असे लिहीत नाही.

फळा_खडू (ठाणे)

शेवटचे वाक्य विसावा यांना लागले असेल, पण मलाही लागले. मी एकोणतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, पुढे उद्देशिका आणि मग प्रार्थना. पावसाळ्यात मैदानात चिखल असल्यामुळे आम्ही मुलांना व्हरांड्यात दोन रांगांत उभे करत असू. माझ्या वर्गात एक मुलगा होता, जो प्रार्थनेच्या वेळी हात पँटच्या शिवणीला चिकटवून ताठ उभा राही. डोळे उघडे, ओठ बंद. मी रांगेतून जाताना त्याच्या मनगटाला दोन बोटे लावून हात वर उचलून देई आणि पुढे जाई. मागे वळून पाहिले की हात पुन्हा खाली आलेले असत. हे जवळपास सहा महिने चालले. मी त्याला मारले नाही, रागावले नाही, आणि त्यामुळे आपण काही वावगे करत आहोत असे मला कधी वाटलेच नाही.

नंतर केव्हातरी केरळच्या तीन मुलांची हकीकत वाचली. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मुलांच्या बाजूने निकाल दिला. २०१३ मध्ये तर प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला. तो मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवला आणि वाचता वाचता मला माझी ती दोन बोटे आठवली.

नौपाडेकर, आपण विचारले होते की कोणाचे काय बिघडते. त्या मुलाचे काय बिघडले हे मला आजही सांगता येणार नाही. तो रोज सकाळी माझी वाट पाहत असे, एवढे मात्र मला माहीत आहे.

खाडीपलीकडून (मूळचा ठाणेकर, सध्या ओहायो)

इकडे 'इन गॉड वी ट्रस्ट' प्रत्येक नोटेवर आहे. नाण्यावर ते प्रथम १८६४ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात आले. राष्ट्रीय ब्रीद म्हणून मान्यता मिळाली ती १९५६ मध्ये, जेव्हा निरीश्वरवादी सोव्हिएत संघापेक्षा आपण वेगळे आहोत हे दाखवण्याची निकड होती. न्यायालयात आव्हाने झाली, पण हे केवळ देशभक्तीचे आणि समारंभाचे वाक्य आहे असे म्हणून ती फेटाळली गेली. मला हे नेहमी मजेशीर वाटते, की देवाचे नाव नोटेवर टिकावे यासाठी त्याला धार्मिक अर्थ नाही असे सिद्ध करावे लागते. नौपाडेकरांचा युक्तिवाद फार दूरवर पोहोचला आहे.

प्रार्थनेबाबत इथे मुले आणि प्रौढ असा भेद झाला. सरकारी शाळेने ठरवलेली प्रार्थना १९६२ मध्ये न्यायालयाने बाद केली. उलट, न्यूयॉर्क राज्यातील ग्रीस नावाच्या गावाच्या सभेआधी होणारी प्रार्थना २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी मान्य झाली. आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे २००७ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये राजन झेड यांनी हिंदू प्रार्थना म्हटली, तेव्हा प्रेक्षक सज्जातून काही लोकांनी आरडाओरडा करून व्यत्यय आणला. त्या दिवशी भारतीय मंडळींत मोठा संताप होता. आपल्याच प्रार्थनेच्या वेळी कोणी बाहेर बाकावर बसलेले असू शकते, हे आम्हाला तोवर सुचलेले नव्हते.

डेपोवाला (तुर्भे)

मी बस कार्यशाळेत यांत्रिक होतो. खंडेनवमीला आम्ही पाने, जॅक, हवेचा दाबमापक, सगळे पुसून ओळीने मांडायचो आणि हळदकुंकू वाहायचो. ग्रीसवर कुंकू पडले की त्याचा असा काही चिकट लगदा होतो की तो पुढे दिवाळीपर्यंत निघत नाही. बसला झेंडूची माळ आणि चाकाखाली लिंबू. वरिष्ठ फोरमन मात्र दरवर्षी सांगायचे, "लिंबू ठेवण्याआधी ब्रेकची हवा बघा." खर्च कामगारांच्या वर्गणीतून होई, प्रशासनाकडून एक पैसा येत नसे, आणि वही फिरत नसे, डबा एका कोपऱ्यात ठेवलेला असे, ज्याला वाटेल त्याने टाकावे. हे सुद्धा बंद करावे असे कोणी म्हणेल तर मला मान्य नाही. तो आमच्या हत्यारांचा दिवस होता.

शंकासुर (सीवूड्स)

डेपोवाला, बंद करावे असे मी तरी म्हणणार नाही. वही आणि डबा यांतील फरक आपण ज्या सहजतेने सांगितला, तो मला दोन दिवस सापडत नव्हता. फक्त एक विचारतो : पूजा कामाच्या वेळेत होत असे का?

डेपोवाला (तुर्भे)

होत असे. त्या अर्ध्या तासात फेऱ्या चुकू नयेत म्हणून पहाटेच्या पाळीचे लोक एक तास आधी येत. ते मात्र सक्तीचे होते, हे कबूल.

व्यवस्थापक

दोन प्रतिसाद काढले आहेत, कारण ते धाग्याच्या विषयावर नसून सदस्यांच्या आडनावांवर होते. पक्षांची नावे आली तर धागा बंद करावा लागेल.

नौपाडेकर (ठाणे)

एका रात्रीऐवजी तीन रात्री घेतल्या, त्याबद्दल क्षमस्व. शंकासुर यांच्या परीक्षेचे उत्तर असे, की परकी ओळ मला खटकेल, कारण ती वाचताना ही खोली दुसऱ्या कोणाची तरी आहे असे मला वाटेल. हे लिहिताना माझ्या लक्षात आले की माझी ओळ वाचणाऱ्या दुसऱ्याला तसेच वाटू शकते. तरीही मी माझे मत पूर्ण बदललेले नाही. शेकडो वर्षे वापरून गुळगुळीत झालेली वचने आणि आज मुद्दाम निवडलेले वचन यांत फरक आहे. 'सत्यमेव जयते' वाचताना मुंडकोपनिषद कोणाच्या मनात येत नाही, तहसील कार्यालय येते. जुने आहे ते राहू द्यावे. नवे निवडताना खोलीत कोण कोण बसते ते आधी पाहावे, एवढे मान्य करतो. प्रार्थनेबाबत फळा_खडू यांच्या प्रतिसादानंतर मी काही लिहू इच्छित नाही.

मासुंदा (ठाणे पश्चिम)

एक व्यावहारिक सूचना. घोळ टाळण्यासाठी कोणी सिंहांसह 'सत्यमेव जयते' रंगवून घ्यायचे ठरवेल, तर तसे करू नये. राज्यचिन्हाच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा आहे आणि खासगी संघाला ते चिन्ह वापरता येत नाही.

विसावा (ऐरोली)

सर्वांचे आभार. तिसरी बैठक झाली, तिचा वृत्तान्त देतो.

हजेरीवहीतील लाल शाईच्या नोंदी मी सभेपुढे ठेवल्या आणि त्या माझ्या चुकीने झाल्या असे इतिवृत्तात लिहून घेतले. बाकावर बसणारे सदस्य म्हणाले की एवढे करायची गरज नव्हती, आणि मग त्यांनी ते पान बराच वेळ पाहिले. गणेशवंदना आता पावणेपाचला होईल, ज्यांना यायचे त्यांनी यावे; सभा पाचला, थेट मागील इतिवृत्ताच्या वाचनाने सुरू होईल. यावर दोन महिला सदस्य नाराज झाल्या. त्यांच्या मते प्रार्थना सभेतून काढली म्हणजे तिचा मान गेला. त्यांची समजूत मला घालता आलेली नाही आणि ती घालावी की नाही, हेही मी ठरवलेले नाही.

गंमत अशी, की पहिल्याच पावणेपाचला बाकावरचे गृहस्थ आत येऊन बसले. मी चकित होऊन पाहू लागलो, तेव्हा त्यांनी वर बोट दाखवले. पंख्याखालच्या खुर्च्या तीनच आहेत.

भिंतीसाठी 'बहुजनहिताय बहुजनसुखाय' बहुमताने ठरले. गीतेवाल्या सदस्यांनी ते एसटीच्या थांब्यासारखे दिसेल असा शेरा मारून मत बाजूने दिले. रंगारी परवा येणार आहे आणि त्याने विचारले आहे की शब्द जोडून लिहायचे की तोडून.

फळा_खडू (ठाणे)

'बहुजनहिताय' आणि 'बहुजनसुखाय' हे दोन शब्द, प्रत्येक आतून अखंड. त्याला कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. 'सुखाय' पुढे विसर्ग देऊ नये. संस्कृत दिसले की रंगारी हटकून दोन टिंबे देतात.

उगवती (कळवा)

मूळ पाली आहे, हेही त्याला सांगा.

हप्तेबाज (कोपरखैरणे)

रंगाऱ्याला एवढे सांगितले तर तो चौरस फुटाचा दर वाढवील.